आत्याचा सा

सलील मुळ्येने गज तारेवरून अलगद उचलला, डोळे मिटून घेतले आणि तो नेहमीप्रमाणे थांबला. हेडफोनमध्ये तंबोऱ्याच्या यंत्राची गुणगुण तेवढी चालू होती. काचेपलीकडे तमोनाश सेनगुप्तही थांबला होता, बोट बटणावर ठेवून. अर्धा मिनिट दोघंही एकमेकांची वाट पाहत बसले.

"दादा," शेवटी तमोनाशचा आवाज कानात आला, "शेवटचा सूर राहिला."

"राहिला नाही. तो मी वाजवत नाही."

तमोनाश सॉल्ट लेकमधल्या या स्टुडिओत पंचवीस वर्षं रेकॉर्डिंग करत होता. दक्षिणेकडे तोंड करून गाणार नाही म्हणणारे बुवा त्याने पाहिले होते, घरची उशी मांडीखाली असल्याशिवाय सतारीला हात न लावणाऱ्या बाई पाहिल्या होत्या. त्यामुळे तो दचकला नाही. त्याने सरळ पुढचा प्रश्न विचारला.

"मग कोण वाजवतं?"

"माझी आत्या."

"त्या कुठे आहेत?"

"हावड्याला."

तमोनाशने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि तो चहा सांगायला गेला.

हे सगळं बोलणं अर्थातच बंगालीत झालं. मुळ्यांच्या तीन पिढ्या कलकत्त्यात गेल्या होत्या. मराठी घरात, नातेवाइकांत आणि भांडणात तेवढी उरली होती. व्हायोलिनचं मात्र तसं नव्हतं. ते घराण्यात आलं तसं काटेकोर उरलं होतं, आणि त्याच्यासोबत त्याचा तो नियमही.

नियम आजोबांचा. भालचंद्र मुळ्ये तरुणपणी रत्नागिरीहून इकडे आले आणि गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत कारकून झाले. संध्याकाळी क्वार्टरच्या ओसरीवर बसून व्हायोलिन वाजवत. त्या वस्तीत तबला धरणारं कोणी मिळेना, तेव्हा त्यांनी तबल्याशिवायच वाजवता येतील अशा सहा रचना बांधल्या. वाजवणारा एकटा, लय त्याच्या पायाच्या अंगठ्यात. या सहा रचना म्हणजे मुळ्यांची सगळी इस्टेट. शिष्याने त्या पूर्ण वाजवायच्या, फक्त शेवटचा सा वाजवायचा नाही. तो गुरूचा. शिष्याने आधीच्या स्वरावर रेंगाळायचं, मागे बसलेल्या गुरूने व्हायोलिन उचललं की आपला गज उचलायचा, आणि गुरूने तो सा वाजवून रचना पुरी करायची.

भालचंद्रांच्या मुलाला, म्हणजे सलीलच्या वडिलांना, सुरांचं वावडं होतं. मुलीला नव्हतं. मालूआत्या बापाकडे शिकली, लग्न होऊन हावड्याला गेली, तिथल्या मुलींच्या शाळेत तिने गणित शिकवलं आणि भाच्याला व्हायोलिन. दोन्ही विषय ती सारख्याच चेहऱ्याने शिकवायची. चुकलं की "पुन्हा", बरोबर आलं की "ठीक". 'छान' हा शब्द तिच्या तोंडून सलीलने लहानपणापासून आजवर एकदाही ऐकला नव्हता.

चोविसाव्या वर्षी सलीलचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला, आणि तेव्हापासून चौतीस वर्षं मालूआत्या रंगमंचावर त्याच्या मागे बसत आली. जाहिरातीत 'एकल व्हायोलिन' असायचं आणि पडदा उघडला की दोन माणसं दिसायची. आयोजक बाजूला घेऊन विचारत, "या काय करतात?" शेवटचा सूर वाजवतात. "आणि तोपर्यंत?" तोपर्यंत बसतात. सा वाजवायच्या आधी ती व्हायोलिन उचले, तेव्हा हातातली पाटली लाकडाला लागून टक् असा बारीक आवाज होई. हा टक् ऐकला की सलीलने गज उचलायचा. मग आत्या क्षणभर थांबायची, जरा जास्तच थांबायची, आणि किंचित खालून वर येत तो सा लावायची. सभागृहाचा श्वास सुटायचा. समीक्षकांनी त्या थांबण्यावर पुष्कळ लिहिलं होतं. एकाने त्याला मुळ्ये परंपरेचा आत्मा म्हटलं होतं.

दुर्गापूरला एकदा टक् आलाच नाही. आत्याला डुलकी लागली होती. सलील अकरा मिनिटं निषादावर फिरत राहिला. लहान, मोठा, थरथरता, असे निषादाचे जितके प्रकार त्याला येत होते तितके संपले, मग त्याने नवे काढले. अखेर पहिल्या रांगेत कोणाला तरी ठसका लागला आणि आत्या जागी झाली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'निषादावरचं धाडसी चिंतन' असा मथळा होता.

घरी रियाझ करतानाही तो सा वाजवत नसे. त्याची बायको वृषाली लग्न होऊन आली तेव्हा पहिले सहा महिने अर्धवट सुरांनी तिचं डोकं दुखायचं. मग तिने त्यावर उपाय काढला. सलील थांबला की ती स्वयंपाकघरातून खणखणीत "साऽऽ" म्हणायची आणि पोळी उलटायची.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि आता हे रेकॉर्डिंग आलं होतं. जुन्या रचना जपणाऱ्या एका संस्थेने सहाही रचना मागितल्या होत्या. वर नाव फक्त त्याचं: सलील मुळ्ये, एकल व्हायोलिन. पत्र आलं त्या दिवशी सलीलने ते तीनदा वाचलं आणि त्याच्या मनात एक गोष्ट आली, जी आजवर त्याने स्वतःलाही मोठ्याने सांगितली नव्हती. त्याला तो सा हवा होता. सहापैकी निदान एक. अठ्ठावन्नाव्या वर्षी, केस पांढरे झाल्यावर, स्वतःच्या हाताने वाजवलेली एक तरी रचना शेवटपर्यंत वाजलेली त्याला ऐकायची होती. त्यासाठी आत्याला विचारायला हवं होतं, आणि तिथेच सगळं घोडं अडलं होतं.

"विचार ना सरळ," वृषाली म्हणाली होती.

"ती चौऱ्याऐंशीची आहे. तिच्याकडे उरलंय काय दुसरं? तो एक सूर."

"मग नको विचारू."

"पण मला हवाय."

वृषालीने भाजी चिरायला घेतली.

दोन महिन्यांत त्याने आत्याला विचारण्यासाठी चौदा वेळा फोन केला होता. चौदाही वेळा बोलणं तिच्या गुडघ्यांवर सुरू होऊन गुडघ्यांवरच संपलं. म्हणून आज तो तिला न घेता एकटाच आला होता. आपण गुपचूप सा वाजवून टाकू आणि नंतर सांगू, असा त्याचा बेत होता, पण शेवटाला सवयीने गज उचलला गेला होता. तमोनाश चहा सांगायला गेला तेव्हा बंद खोलीत, जाड भिंतींच्या आत, कोणी ऐकत नसताना त्याने करून पाहिलं. गज तारेवर ठेवला. बोट जागेवर ठेवलं. हात काही केल्या ओढेना. त्याला मागे वळून पाहावंसं वाटलं. मागे अग्निशामक नळकांडं होतं.

"पिशिमांना आणा," चहा पिता पिता तमोनाश म्हणाला; पिशिमा म्हणजे बंगालीत आत्या. "उद्या पहिल्यापासून करू."

त्या संध्याकाळी सलीलने पंधरावा फोन केला.

"आत्या, गुडघे कसे आहेत?"

"आहेत. उद्या किती वाजता न्यायला येतोस?"

"तुला कसं कळलं?"

"रेकॉर्डिंग आहे ना? मग सा कोण वाजवणार?" आत्या म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हावडा मैदानच्या स्टेशनात ती त्याच्या आधी येऊन उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्यात व्हायोलिनची पेटी आणि खांद्याच्या पिशवीत तपकिरी माकडटोपी. बाहेर वैशाखाचं ऊन तापलं होतं, पण स्टुडिओ म्हणजे एसी हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि एसीवर तिचा मुळीच विश्वास नव्हता.

मेट्रोत खिडकीशी जागा मिळाली. गाडी नदीखालून जाते ते तिला फार आवडायचं. सलीलने ठरवलं, नदीखाली विचारायचं. वर गंगा आहे, ती साक्षीला राहील, आपल्यालाही धीर येईल. हावडा स्टेशन गेलं. बोगद्याच्या भिंतीवर निळे दिवे लागले. तो आत्याकडे वळला.

"आत्या."

"काय रे?"

"मला तुला एक..."

निळे दिवे संपले.

"गेली का गंगा?" आत्या खिडकीला नाक लावून म्हणाली. "पूर्वी फेरीबोटीने अर्धा तास जायचा. आता नीट बघायलाही मिळत नाही. तू काय म्हणत होतास?"

"गुडघे कसे आहेत?"

आत्याने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "काल सांगितलं ना," ती म्हणाली.

स्टुडिओत पोचल्यावर तमोनाशने तिला वाकून नमस्कार केला आणि तिला बसवायला खुर्ची आणली, कारण तिचे गुडघे आता मुडपत नसत. तिच्या श्वासाचा आणि खुर्चीच्या करकरीचा आवाज सलीलच्या माइकमध्ये शिरू नये म्हणून त्याने मधे घोंगडी लावलेला लाकडी पडदा उभा केला आणि तिला वेगळा माइक दिला. आत्याने आधी माकडटोपी चढवली, मग त्यावर हेडफोन लावला. काचेतून पडद्यामागचं तमोनाशला काही दिसत नव्हतं. पण तिची तयारी त्याने बसवतानाच पाहिली होती, आणि तो हसू दाबत आपल्या जागेवर गेला.

पहिली रचना बावीस मिनिटांची होती. सलील मनापासून वाजवत शेवटाला आला आणि रेंगाळला. मागून टक् आला, त्याने गज उचलला. आत्या थांबली. मग तिचा सा आला.

"वा!" काचेमागून तमोनाश उठूनच उभा राहिला. "पिशिमा, आधीचं ते थांबणं! अंगावर काटा आला." मग त्याच्यातला तंत्रज्ञ जागा झाला. "आता एक करतो. हाच सा मी बाकीच्या पाच ठिकाणी चिकटवतो. म्हणजे तुम्हाला दिवसभर बसायला नको. टॅक्सी बोलावू?"

पडद्यामागे शांतता पसरली. ही शांतता त्याच्या चांगलीच ओळखीची होती. शाळेतल्या मुलींनीही तिची धास्ती घेतली असणार.

"मी पोस्टातला शिक्का आहे का?" आत्या म्हणाली.

"नाही, तसं नाही..."

"तुम्ही रात्री जेवून तृप्त होता आणि उपास सोडताना तृप्त होता, ते एकच असतं का? बावीस मिनिटं ऐकल्याशिवाय मला सा कुठला लावायचा ते कसं कळणार? चिकटवतोय म्हणे."

तमोनाशने कानाची पाळी धरली आणि पुढे दुपारपर्यंत चिकटवण्याचा विषय काढला नाही. दुसरी, तिसरी, चौथी झाली. चौथीच्या मध्यात आत्या बारीक घोरली ते माइकने पकडलं, पण शेवटाला टक् वेळेवर आला. पाचवी जेवणाआधी संपली. पाचही सा निरनिराळे होते आणि पाचांच्याही आधी ते थांबणं होतं. राहिली फक्त सहावी, भैरवीतली. आजोबांची सगळ्यात लाडकी.

आता नाही तर कधीच नाही, हे सलीलला कळत होतं. जेवायला लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि आलूरदम आला होता. तिघं चटईवर आणि खुर्चीवर मिळेल तसे बसले होते. सलीलने एक लुची चौथ्यांदा मोडली.

"आत्या, थकली असशील."

"नाही."

"म्हणजे, भैरवी मोठी आहे. चाळीस मिनिटं. तुला एवढा वेळ बसून..."

"मी चौतीस वर्षं बसतेय."

"तेच. मी म्हणतो, एवढ्या त्रासाचं... म्हणजे तुझ्या गुडघ्यांना..."

तमोनाशला मराठीतलं काही कळत नव्हतं. तो बटाटा चावत दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. त्याच्या डोक्यात सकाळपासून एक साधीसुधी शंका घोळत होती आणि ती विचारायला त्याला गंगेची साक्ष लागत नव्हती.

"पिशिमा," त्याने बंगालीत विचारलं, "हे दादा स्वतःचा सा कधी वाजवणार?"

सलीलच्या हातातली लुची ताटात पडली.

"तेच तर मी चौतीस वर्षं बघतेय," आत्याही बंगालीत म्हणाली आणि तिने बोटांना लागलेला रस्सा पुसला.

तमोनाश मोठ्याने हसला. म्हाताऱ्या बाईने छान विनोद केला असं त्याला वाटलं. सलील हसला नाही. त्याने आत्याकडे पाहिलं; माकडटोपीच्या चौकटीत तिचा चेहरा अगदी गणिताच्या तासाचा होता.

"म्हणजे?" तो मराठीत आला.

"म्हणजे काय म्हणजे? तो सा गुरू देत नसतो. शिष्याने घ्यायचा असतो. वाटलं आता आपला झाला, की गुरूच्या आधी लावून मोकळं व्हायचं. मी एकोणिसाव्या वर्षी घेतला. बाबा व्हायोलिन उचलून बसले होते, मी त्यांच्या आधी लावला."

"आणि आजोबा?"

"पेटी बंद केली आणि उठून गेले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला समोर बसायचे आणि आईला सांगायचे, तिला सांग मीठ वाढ. मी मीठ हातात घेऊन समोर बसलेली."

"आणि नवव्या दिवशी?"

"नवव्या दिवशी स्वतःच्या गजाची राळ माझ्यापुढे ठेवली. पुन्हा कधी मागे बसले नाहीत."

"मग हे मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं तर ते दिलं झालं."

"मला वाटलं तुला राग येईल!"

"येणारच. येऊ द्यायचा असतो." आत्याचा आवाज चढला. "लंडनचं बोलावणं आलं तेव्हा मी म्हटलं नव्हतं, मी कशाला, तू जा की?"

"मला वाटलं तू रुसून म्हणतेस!"

"रुसून? मी म्हटलं, चला, तिकडे जाऊन तरी घेईल. तर तू लंडनच रद्द करून आलास, वर मला संत्री घेऊन आलास. चौतीस वर्षं दर कार्यक्रमाला निघताना वाटतं, आज घेईल. आसनसोल झालं, दुर्गापूर झालं, पाटणा दोनदा झालं. हे गुडघे काय हावड्यात बसून गेले? आणि सा लावायच्या आधी मी एवढी थांबते ती कशाला, असं वाटलं तुला?"

सलीलने मोडलेली लुची ताटाच्या कडेला सारली.

"तू घेतोस का ते बघायला," आत्या म्हणाली.

दोघांचे आवाज चढलेले ऐकून तमोनाश अस्वस्थ झाला. जेवणावरून काहीतरी बिनसलं असावं असा अंदाज बांधून त्याने आलूरदमचं भांडं आत्यापुढे सरकवलं. तिने एक बटाटा घेतला.

सलीलला हसावं की रडावं तेच कळेना. परंपरेचा आत्मा! चौतीस वर्षं तो ज्या शांततेला नमस्कार करत आला होता, तिच्यात एक म्हातारी बाई मनातल्या मनात 'अरे घे की बाबा' म्हणत होती. त्याला स्वतःची लाज वाटली आणि आत्याचा रागही आला, आणि त्या दोन्हींच्या खाली कुठेतरी भीती होती, पहिल्या कार्यक्रमाच्या वेळी होती तशी.

"मग आता भैरवीचा..." त्याने सुरुवात केली.

"काही नाही. आता मी सांगितलं म्हणून वाजवलास तर ते घेतलं कसं होईल? मी नेहमीसारखी बसणार आणि नेहमीसारखा वाजवणार." ती काठी टेकत उठली. "हात धू. राळ लाव. गज ओढताना सकाळपासून घसरतोय तुझा."

भैरवी सुरू झाली. पहिली दहा मिनिटं सलीलच्या डोक्यात नुसता गोंधळ होता. घ्यायचं तर तिला चुकवून घ्यायचं, टक् झाल्या झाल्या, ती थांबलेली असताना. घाई केली तर रचनेचा शेवट विस्कटेल. नाही केली तर ती लावेल. ती दयामाया दाखवायची नाही. मग भैरवीनेच त्याला हळूहळू आत ओढून घेतलं. ओसरीवर बसलेल्या एका कारकुनाने कोणी साथीला नसताना बांधलेली ती रचना होती; तिच्यात प्रत्येक ओळ स्वतःला विचारायची आणि स्वतःच उत्तर द्यायची. अर्ध्या तासानंतर सलील सा वगैरे सगळं विसरला होता.

तो शेवटाला आला आणि कोमल रिषभावर रेंगाळला. तिथे त्याला सगळं पुन्हा आठवलं.

मागून टक् आला.

सवयीने त्याचा गज उचलला गेला. आता. आत्ताच. त्याने गज परत तारेवर टेकवला आणि झटक्याने ओढायला गेला. हात थांबला. तो काल थांबला होता तसा नव्हे. काल तो घाबरला होता. आज हाताला घाईच नव्हती. त्याने आयुष्यभर या जागी एक थांबणं ऐकलं होतं, आणि त्या थांबण्याशिवाय सा कसा लावतात हे त्याला येतच नव्हतं. तो तितकाच थांबला, जितकी ती थांबायची. तेवढ्या वेळात तिला तो सूर दहादा लावता आला असता. पडद्यामागून काही आलं नाही. सलीलने किंचित खालून वर येत सा लावला, आणि तो तंबोऱ्यात मिसळून जाईपर्यंत गज ओढत नेला.

मग पडद्यामागे खट् झालं.

काचेमागे तमोनाश डोळे मिटून बसला होता. त्याने सावकाश बटण दाबलं.

"पिशिमा," त्याचा आवाज जड झाला होता, "सहांत हा सगळ्यात चांगला लागला."

सलीलने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी पडद्यामागून बंगालीत उत्तर गेलं.

"हो," आत्या म्हणाली. "छान लागला."

तमोनाश हसला. म्हाताऱ्या बाईने स्वतःची पाठ स्वतःच थोपटलेली त्याला आवडली. सलीलने व्हायोलिन मांडीवर घेतलं आणि तो त्याच्या तारा उगाच पुसत राहिला. त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं.

"फक्त शेवटी खट् असं काहीतरी वाजलंय," तमोनाश संगणकावरची आवाजाची रेघ मोठी करून पाहत म्हणाला. "कापून टाकतो."

"नको," सलील म्हणाला. "ते राहू दे."

तो उठून पडद्याच्या पलीकडे गेला. आत्या खुर्चीत ताठ बसली होती. व्हायोलिनची पेटी मांडीवर होती, बंद, आणि दोन्ही हात झाकणावर. माकडटोपी काढून तिने तिची घडी घातली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती त्याच्या खांद्यावरून समोरच्या भिंतीकडे पाहत होती.

"आत्या," सलील म्हणाला, "चहा घेणार?"

आत्याने ऐकलं नाही असं दाखवलं. तेवढ्यात तमोनाश दार उघडून आत आला आणि तिचा चेहरा खुलला.

"तमोनाश," ती म्हणाली, "याला सांग, माझ्या चहात साखर नको."

तमोनाशने बुचकळ्यात पडून दोघांकडे पाहिलं. सलील तिच्यापासून दोन हातांवर उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.